मृग लागेपर्यंतची नोकरी

दहावीचा शेवटचा पेपर झाला की दोन दिवस घरीदारी सगळे विचारतात, पेपर कसे गेले? तिसऱ्या दिवशी प्रश्न बदलतो. 'अब घर में बैठको क्या करताय? इसकू काम पे लगा दो.' हे वाक्य कधी अब्बा म्हणतात, कधी दादी म्हणते, कधी समोरचे चाचा जाता जाता टाकून जातात. त्यात राग नसतो आणि लोभही नसतो. हातापायाने धड असलेला पोरगा दुपारी बारापर्यंत झोपतो आणि मग चौकात मोबाइल घेऊन बसतो, हे कुणाला पाहवत नाही इतकेच. मार्चच्या मध्यावर परीक्षा संपते, निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे प्रवेश मार्गी लागेपर्यंत पावसाळा बराच सरलेला असतो. तीन-साडेतीन महिन्यांची ही मोकळीक. आठवी-नववीच्या मुलांना मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला याच दिवसांत पोहण्याचे वर्ग, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, प्रवेश परीक्षांची तयारी सुरू होते. आपल्याकडे गॅरेज, फॅब्रिकेशनचे दुकान, चपलांचे दुकान, फळांचा गाडा, लग्नसराईतला बँड आणि केटरिंग.

मुलांनी कामच करू नये असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. असे म्हणणाऱ्यांची घरे आम्ही पाहिली आहेत. तिथे महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. आपली अर्धी आडनावे म्हणजे धंद्यांची यादी आहे. बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, रंगरेज. कष्टाची लाज या समाजाला कधी वाटली नाही आणि वाटूही नये. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वयंरोजगारात असल्याची नोंद आहे. अशा घरात मुलगा बापाच्या शेजारी उभा राहूनच मोठा होतो. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. 6 ते 14 वर्षे वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा शाळा सोडून बसली होती. पहिल्या आकड्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, दुसऱ्याचा दुःखाने. सभांमधून दोन्ही वेगवेगळ्या भाषणांत येतात. पण आमच्या डोळ्यांसमोर हे दोन आकडे एकाच गल्लीत राहतात, आणि त्यांची गाठ बहुधा मे महिन्यात पडते.

कारण आमच्या मोहल्ल्यातला मुलगा 'मी शाळा सोडली' असे कधी म्हणत नाही. तो सुट्टीत कामाला लागतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा उस्ताद म्हणतो, 'आठ दिन रुक जा, काम बहुत है.' आठाचे पंधरा होतात. गणवेशाचे कापड घ्यायचे राहून जाते. वह्यांचा खर्च पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. शाळेतून एकदा निरोप येतो, दुसऱ्यांदा येतो, मग येईनासा होतो. मोहरमच्या सुमारास कुणी विचारले तर अम्मी सांगते, 'उसका दिल नहीं लगताय पढ़ने में.' या सगळ्यात कुणी एका दिवशी बसून निर्णय घेतलेला नसतो. निर्णय घेतला असता तर कदाचित कुणीतरी विरोधही केला असता.

म्हणून काम कोणते, यापेक्षा ते संपते कधी, हे आधी पाहावे असे आम्हांला वाटते.

रत्नागिरी-देवगडकडचा हापूसचा हंगाम पाहा. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या बागायतदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या शेडमध्ये फळांची प्रतवारी आणि भरणी चालते. कोकणी मुसलमानांच्या वाड्यांतली दहावी-बारावीची मुले या कामावर जातात. काम दिसायला सोपे, पण किचकट. वजनावर फळ वेगळे काढायचे, डाग पाहायचा, देठ पाहायचा, पेंढा नीट अंथरायचा. एक दुखावलेले फळ आत गेले तर अख्खी पेटी बदनाम होते. पेटीवर चिठ्ठी लिहायची, डझनांचा हिशेब लावायचा, वाशीच्या बाजाराचा भाव आज काय निघाला ते फोनवर ऐकायचे. महिना-दीड महिन्यात मुलगा पुष्कळ शिकतो. आणि मग 7-8 जूनच्या सुमारास मृग लागतो. पहिला पाऊस पडला की शेड रिकामी. मालकाला कितीही वाटले तरी तो पोराला ठेवून घेऊ शकत नाही, कारण झाडावर आंबाच उरलेला नसतो. शाळा त्यानंतर आठ दिवसांनी उघडते. निसर्गाने इतके सोयीचे वेळापत्रक दुसऱ्या कुठल्या धंद्याला दिले असेल असे वाटत नाही.

गॅरेजला मृग लागत नाही. गाड्या बाराही महिने बिघडतात. पावसाळ्यात तर जास्तच. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांनाही हंगाम नसतो. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या. लहान मुलाला प्रथम कांडी भरायला बसवतात, पुढे तो मागावर उभा राहतो. मालेगावात मागांना सुट्टी असते ती जुम्म्याची. शाळेच्या सुट्टीशी मागाचा काही संबंध नाही आणि मागावर गेलेल्या मुलाचा शाळेशी संबंध राहणे कठीण. दोष त्या कामाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मागाने किती घरे जगवली ते आपल्याला ठाऊक आहे. मात्र ज्या कामाला शेवटचा दिवस नाही, तिथे सुट्टीपुरते म्हणून पाठवलेला मुलगा सुट्टीपुरता राहत नाही.

यावर लगेच उत्तर येते, 'हुनर शिकेल.' हा शब्द फार मोठा आहे आणि त्याचा आदर राखूनच तो तपासून घेतला पाहिजे. मिरजेत सतारमेकरांच्या घरी मूल काम शिकते, ते हुनर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवणे, कापणे, लाकूड जोडणे, घासणे, रंग-पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी जवारी. पोरगा आधी नुसता घासत बसतो, पण आपण घासण्याच्या इयत्तेत आहोत आणि पुढची इयत्ता कोणती, हे त्याला माहीत असते. घरातली मोठी माणसे त्याच्या कानाला वळण लावत असतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे अशा कित्येक मुलांचे घासणे आहे. आता चौकातल्या एखाद्या दुकानात चार महिने असलेल्या मुलाला विचारा, काय शिकलास? चहा कुठल्या टपरीवरून आणायचा, पाने कोणत्या नंबरचे मागितले की कोणते द्यायचे आणि उस्तादाचा मूड कसा ओळखायचा. दुसऱ्या वर्षीही तो तेच करत असतो. तीन महिन्यांपूर्वी पोराला येत नव्हते असे आज काय येते, एवढे विचारले तरी हुनर आहे की नुसती हमाली, ते कळते. हा प्रश्न विचारायला बापाला शिक्षण लागत नाही.

काम मिळते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. जाहिरात नाही, अर्ज नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता दोन वाक्ये होतात आणि शनिवारी सकाळी पोरगा कामावर हजर. ओळखीवर चालणारी ही पद्धत आपल्याला जपते. अडीअडचणीला उचल मिळते, आजारी पडला तर उस्ताद घरी येऊन जातो, ईदला कपड्यांचा जोड मिळतो. पण ओळख जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंतच काम पोहोचते. मामू गॅरेजवाले असतील तर भाचा गॅरेजात. सगळा मोहल्ला पाच-सहा धंद्यांत असेल तर मुलांच्या पुढ्यातही तेच पाच-सहा धंदे. शिवाय मजुरीचे बोलणे ओळखीत अवघड जाते. 'अपना ही बच्चा है' असे म्हटल्यावर किती देणार, हे कोण विचारणार? मग हातखर्च म्हणून काहीतरी मिळते, तेही बापाच्या हातात. मजुराच्या घामाची आणि मजुरीची हदीस आपल्या प्रत्येक जलशात सांगितली जाते. जलशासाठी मांडव घालणाऱ्या पोरांना मजुरी कधी मिळते, ते त्या पोरांनाच विचारावे.

कायदा याबाबत काय म्हणतो ते आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला. 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास आता बंदी आहे. अपवाद घरच्या व्यवसायाचा. तिथेही धोक्याचे काम नाही, आणि मदत फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. गंमत अशी की या कायद्यात कुटुंब म्हणजे आईवडील, भाऊबहिणी आणि आईवडिलांचे भाऊबहिणी. म्हणजे मामू, चाचा, खाला, फूफी सगळे आले. आपल्या मोहल्ल्यात तर प्रत्येक दुकानदार कुणाचा ना कुणाचा मामू किंवा चाचा असतोच! पूर्ण 14 ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना धोक्याची कामे वर्ज्य. इतर कामांवर ठेवता येते, पण विश्रांतीची वेळ धरून दिवसाचे सहा तास, तीन तासांनंतर निदान तासभर विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, जादा तास नाहीत, आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही.

संध्याकाळी सातनंतर काम नाही, हे वाक्य वाचले की आम्हांला रमजानचा बाजार आठवतो. आपल्या मुलांची सगळ्यात मोठी हंगामी नोकरी म्हणजे रमजान. खजूर, फळे, शेवया, टोप्या, अत्तर, कबाब, चप्पल, कपडे. मगरिबनंतर हळूहळू बाजार जागा होतो, तरावीहनंतर भरतो आणि शेवटच्या अशऱ्यात सहरीपर्यंत चालतो. एका दुकानावर एरवी दोन माणसे असतील तर रमजानमध्ये पाच लागतात, आणि ती जास्तीची तीन म्हणजे गल्लीतली शाळकरी मुले.

आता इथे चंद्राचे आणि शाळेचे वेळापत्रक एकमेकांना कसे भिडते ते पाहा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2017 मध्ये तो मेच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत होता, 2018 मध्ये मध्य मे ते मध्य जून, 2019 मध्ये 7 मेपासून. रोजे उन्हाळ्याचे आणि लांब, पण बाजारात उभे राहणाऱ्या मुलांना शाळेची सुट्टी होती. ज्याने त्याने रात्री जागून चार पैसे मिळवले, ईदचे कपडे घेतले, उरलेल्यात पुढच्या इयत्तेची पुस्तके आली. 2020 चा रमजान टाळेबंदीत गेला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तर फळे-भाजी विकणाऱ्या आपल्या लोकांना काही ठिकाणी गल्लीत येऊ दिले गेले नाही, हेही विसरलेले बरे नाही. त्यानंतर रमजान सरकत सरकत परीक्षेच्या दारात आला. 2025 मध्ये दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च अशी होती आणि रमजान 2 मार्चला सुरू झाला. 2026 चा रमजानही परीक्षेच्याच दिवसांतला. रात्री दोनपर्यंत खजुराच्या गाड्यावर उभा राहिलेला मुलगा सहरी करून झोपतो आणि अकरा वाजता बीजगणिताच्या पेपरला बसतो. पर्यवेक्षकांना वाटते रोजामुळे पेंगतो आहे. रोजा बिचारा फुकट बदनाम होतो.

ही अडचण कायमची नाही. 2029 चा रमजान जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असेल. पुढे तो हिवाळ्यात, मग दिवाळीच्या सुट्टीकडे सरकेल. मे महिन्यात परतायला मात्र एक पिढी जाईल. दरम्यान उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास बकरी ईद आली आहे. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. त्या आधीचे पंधरा दिवस बकरे सांभाळणे, चारापाणी, बाजारातून घरापर्यंत बकरा पोहोचवणे, सुऱ्यांना धार लावून आणणे अशी कामे मुलांना मिळतात. थोडे दिवसांचे, मोकळ्या हवेतले आणि ईदला आपोआप संपणारे काम. त्याचा उपयोग पाहिजे तसा आपण करून घेतलेला नाही.

बाजारात उभे राहिल्याने आपल्या मुलांचा एक मोठा फायदा होतो, त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी खरी येते ती गाड्यावर. शाळेत त्याला मराठी दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या पुस्तकातून भेटते. एकोणपन्नास आणि एकोणसाठमध्ये तो वर्षानुवर्षे अडखळतो. गाड्यावर पहिल्याच दिवशी सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीच डझन, पाव किलो, छटाक सगळे शिकावे लागते, कारण चुकले तर पदरचे जातात. 'घ्या ना काकू, गोड निघेल' हे वाक्य कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय त्याच्या तोंडी बसते. आम्हांला अशी मुले माहीत आहेत जी मराठीच्या पेपरात पस्तीसवर थांबली आणि मंडईत मराठीत घासाघीस करून समोरच्याला निरुत्तर करतात. मराठीतून लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी या शाळेची दखल घ्यायला हवी.

मोहल्ल्याबाहेरच्या दुकानात पाऊल टाकले की आणखी एक गोष्ट घडते. पहिल्या दिवशी मालक नाव विचारतो आणि म्हणतो, 'आपण तुला राजू म्हणू या.' मालक वाईट नसतो. गिऱ्हाईकाला हाक मारायला सोपे पडते, असे तो सांगतो. मुलगा पंधरा वर्षांचा. तो घरी सांगत नाही. रस्त्यात अम्मीबरोबर जाताना कुणी 'ए राजू' अशी हाक मारली तर तो मागे वळत नाही. काही मुलांना त्याचे काही वाटत नाही, काही जण त्याची चेष्टा करतात, आणि काही जण आठवड्याने काम सोडून देतात व कारण सांगतात की मालक पैसे कमी देतो. पोराला बाहेर कामाला पाठवताना त्याच्याशी एवढे एक बोलून ठेवावे. 'मेरा नाम सलीम है, सलीमच बोलो' हे हसत म्हणता येते. आम्ही पाहिले आहे, बहुतेक मालक दोन दिवसांत सलीमच म्हणू लागतात.

मुलींचे काय? त्यांना सुट्टीत कामाला कुणी लावत नाही, कारण त्या आधीच कामात असतात. घरकाम तर आहेच. त्याशिवाय तयार कपड्यांचे धागे कापणे, साडीला फॉल-पिको, मणी ओवणे, इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवणे, शेवया, पापड. ठेकेदार माल टाकून जातो, डझनावर दर, पैसे अम्मीच्या हातात. उंबरठ्याच्या आत होते म्हणून त्याला कुणी नोकरी म्हणत नाही, आणि नोकरी नाही म्हणून त्याला वेळही नाही, सुट्टीही नाही. कायद्याचे सहा तास उंबरठ्यापाशीच थांबतात. तरीही आमच्या पाहण्यात मुली पुस्तक सोडत नाहीत. गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतःच दोन चांगली कामे शोधून काढली आहेत. एक, चाँदरातीची आणि लग्नघरची मेंदी; दर हाताप्रमाणे, आणि पैसे तिच्या स्वतःच्या पर्समध्ये. दुसरे, शिकवणी. अकरावी-बारावीची मुलगी गल्लीतल्या पाच-सात लहानग्यांना संध्याकाळी दोन तास घेऊन बसते, तासभर शाळेचा अभ्यास, तासभर नाजरा. त्यातून तिची परीक्षेची फी निघते आणि तिचे स्वतःचे गणितही पक्के होते. मुलांसाठी काम शोधताना मोहल्ला मशिदीच्या पायऱ्यांवर चर्चा करतो. मुलींनी हे कुणाला न विचारता केले. त्यांच्याकडे जरा नीट पाहायला हवे.

गुणगौरव समारंभांत डॉ. अब्दुल कलाम यांचे उदाहरण हटकून दिले जाते. रामेश्वरमला ते लहानपणी वर्तमानपत्रे वाटत. महायुद्धाच्या काळात तिथल्या स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून टाकलेले गठ्ठे गोळा करायला त्यांच्या चुलतभावाने त्यांना मदतीला घेतले होते. वक्ते त्यातून कष्टाचा महिमा सांगतात. आम्हांला त्या कामाची घडण महत्त्वाची वाटते. गठ्ठा संपला की काम संपले, आणि मुलगा शाळेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे शब्द त्या कष्टांतून आले. पुणे विद्यापीठाची त्या नावाची योजनाही आहे. पण ही सगळी सोय कॉलेजात पोहोचलेल्यांची. आपला प्रश्न त्या आधीच्या दोन-तीन वर्षांचा आहे. चौदा ते सतरा या वयाचा, जिथे मुलगा गळतो.

या वयाला साजेशी आणि मोहल्ल्याच्या पाच-सहा धंद्यांपलीकडची कामे गावात असतात. औषधांचे दुकान, छापखाना आणि डीटीपी, झेरॉक्स, वाचनालयात पुस्तकांना कव्हर घालणे आणि नोंदी करणे, पुस्तकांच्या दुकानातला जूनचा मोसम. आमच्या मते सगळ्यात चांगले काम म्हणजे दाखले आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातले. मे-जूनमध्ये तिथे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शिष्यवृत्ती, प्रवेशाचे अर्ज. आपल्यातल्या ओबीसी जमातींना जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माची नोंद. दोन महिने तिथे बसलेला मुलगा केवळ टायपिंग शिकत नाही. कागद म्हणजे काय, तो नसला की काय अडते आणि कुठल्या टेबलावर मिळतो, हे तो शिकतो. नावातले एक अक्षर चुकल्यामुळे परत गेलेली माणसे तो रोज पाहतो. असा एक मुलगा गल्लीत असला की दहा घरांचे दाखले वेळेवर निघतात.

उलट, हल्ली मोटारसायकलवरून घरोघर सामान पोहोचवण्याच्या कामाचे मुलांना वेड आहे. अठरा पूर्ण नसताना मोठ्या भावाच्या नावावर, त्याच्या आयडीवर ते चालते. पैसे बरे मिळतात. पण तिथे उस्ताद नाही, शिकणे नाही, परवाना नाही, आणि अपघात झाला तर कागदावर तो मुलगा कामावर नव्हताच. हे काम आम्हांला गॅरेजपेक्षाही वाईट वाटते.

जी मुले आधीच बाहेर पडली आहेत त्यांच्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. खाजगीरीत्या दहावीला बसता येते, मुंबईसारख्या ठिकाणी रात्रशाळाही आहेत. पाच वर्षे इंजिन उघडलेल्या मुलाला हातातले सगळे येते, पण आयटीआयच्या खिडकीवर दहावीचा निकाल मागितला की तो मागे फिरतो. त्याच्या उस्तादाने आठवड्याला तीन संध्याकाळी त्याला लवकर सोडले तर वर्षभरात तो फॉर्म भरू शकतो. बापापेक्षा उस्तादाचा शब्द त्या वयात जास्त चालतो, म्हणून बोलायचे ते उस्तादाशी.

आमच्या ओळखीचे एक खजूरवाले आहेत. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथी. 2025 च्या रमजानआधी त्यांच्याकडे कामासाठी नेहमीची मुले आली, तेव्हा त्यांनी दहावीच्या तिघांना परत पाठवले. 'पेपर होईपर्यंत गाड्यावर दिसलात तर बघा.' तिघांचे चेहरे पडले, एकाची अम्मी येऊन बोलूनही गेली, कारण तिने त्या पैशांवर ईदचे गणित मांडले होते. 17 मार्चला शेवटचा पेपर झाला. त्याच संध्याकाळी, इफ्तारनंतर, तिघेही गाड्यावर उभे होते. खजुराचा खरा धंदा शेवटच्या दोन आठवड्यांत होतो, असे ते म्हणतात. आणि त्या दिवसांचा दर त्यांनी मुलांना मोठ्या माणसांइतकाच लावला. हिशेब एका जुन्या डायरीत, प्रत्येकाच्या नावाचे पान वेगळे. सातनंतरच्या कामाला कायदा काय म्हणतो हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, 'मग दुपारी माल उतरवून घ्यायला, पुड्या बांधायला चालतील का?' पुढच्या वर्षीपासून तसे करू म्हणाले. चाँदरातीला त्यांनी पैसे मोजून त्या तिघांच्या हातात दिले आणि ज्याची अम्मी येऊन गेली होती त्याला सांगितले, आधी घरी जाऊन दे, मग बाजारात फिर.